अठ्ठ्याऐंशी सालचा रुपया

त्या गुरुवारी गुरुमूर्तीरावांनी बँकेच्या काउंटरच्या जाळीखालून चिल्लरची पिशवी सरकवली नाही. एकच रुपया सरकवला, आणि त्यावर आपलं भिंग.

"पाहा अक्का. नीट पाहा. आजि तुम्ही मजला पेढे द्यायचे."

हेमलताबाईंनी मागच्या आठवड्याची पिशवी काउंटरवर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. रुपया जुना, मोठ्या आकाराचा. देवळाच्या हुंडीतून, म्हणजे दानपेटीतून, आलेला असावा. कडेला हळद बसली होती. साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. आणि सालाच्या खाली इवलासा शंकरपाळा.

त्या खुणेचं शंकरपाळा हे नाव त्यांच्या यजमानांनी ठेवलेलं. हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, नॉयडाच्या नाण्यावर टिंब, कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच नाही, आणि मुंबईच्या नाण्यावर शंकरपाळा. माधवराव मुंबईच्या टांकसाळीत सव्वीस वर्षं यंत्रावर होते. दिवसाला हजारोंनी नाणी पाडायचे आणि मोकळ्या खिशाने घरी यायचे. आत जाताना जवळ एक नाणं चालत नसे, बाहेर पडताना झडती. त्यामुळे बसमध्ये रोज नोट पुढे करायची आणि कंडक्टरची बोलणी खायची. "सुटे नाहीत" हे वाक्य त्यांच्याइतकं कुणी म्हटलं नसेल.

ते गेल्यावर हेमलताबाई मुलाकडे चेन्नईला आल्या. पुष्कर पेरुंगुडीतल्या कंपनीत. तो घरी यायचा तोही फोन कानाला लावून. शेजारची बाई लिफ्टमध्ये भेटली की "सापट्टाच्चा?" विचारायची, जेवलात का, आणि यांनी मान हलवली की बोलणं संपायचं. गेली दोन वर्षं त्या दर गुरुवारी बँकेतून शंभर रुपयांची चिल्लर नेत, जेवणाच्या टेबलावर ओतत, शंकरपाळे वेचून काढत आणि उरलेली परत आणून देत. माधवरावांच्या नोकरीतलं एकेक साल त्यांच्याच दाढीच्या साबणाच्या डबीत जमलं होतं. निवृत्तीचं तेवढं राहिलं होतं.

"बोला की," गुरुमूर्तीराव जाळीला नाक लावून म्हणाले. "तेच ना? तुमच्या घरच्यांचं शेवटलं साल?"

ते तंजावरचे. त्यांचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं, वर तमिळ हेल. पहिल्या दिवशी ते ऐकून हेमलताबाईंना हसू आलं होतं. मग त्या गुरुवारची वाट पाहू लागल्या होत्या.

"कुठं मिळाला हो?"

"हुंडीच्या पैशात. चिल्लर आली की मी पाहतोच आहे, दोन महिने झाले. ही हरिणी हसते मजला. त्या अक्कांचं वेड तुम्हांसही लागलं सार, म्हणते." शेजारच्या काउंटरवरच्या हरिणीने आपलं नाव ऐकून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. "संपलं आता तुमचं काम. अय्यो, किती ओझं वाहिलंत ह्या उन्हात! आता सुखानं घरी बसा."

हेमलताबाईंनी रुपया उलटा केला. पुन्हा सुलटा केला. शंकरपाळ्याचे चारही कोपरे शाबूत होते. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदाच.

"सार, सीक्रम!" मागे रांगेतला माणूस घाईला आला होता.

"राव," त्या म्हणाल्या, "हे टिंब आहे हो."

"काय म्हणता?"

"टिंब. नॉयडाचं. झिजलंय ना, म्हणून तुम्हाला शंकरपाळा वाटला."

गुरुमूर्तीरावांनी रुपया परत घेतला. बत्तीस वर्षं त्यांच्या हाताखालून नाणी गेली होती. त्यांनी भिंग उचललं नाही. नाण्याकडे पाहिलं, मग हेमलताबाईंकडे. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"होय की," ते सावकाश म्हणाले. "टिंबच. माझे डोळे गेले, अक्का."

"वय झालं तुमचं."

"तुमच्याहून बारा वर्षं लहान आहे मी!"

"मग लवकर झालं."

ते हसले. खालून त्यांनी चिल्लरची नवी पिशवी काढली. तिच्यातला एक रुपया गल्ल्यात टाकला आणि तो हळद लागलेला रुपया तिच्यात सोडला. पिशवीच्या तोंडाशी सुतळीची गाठ मारली. तिच्यावर आणखी एक, घट्ट.

"ह्या पिशवीत पाहा. असेल एखादे वेळी."

"बघते."

"घाई नको. गुरुवारी या."

बस दुपारची, अर्धी रिकामी. हेमलताबाई खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर. कंडक्टर आला तशी त्यांनी दहाची नोट पुढे केली. तिकीट तीन रुपयांचं. त्याने नोट हातातच घेतली नाही.

"चिल्लरै इल्लैया, अम्मा?"

दोन वर्षांत तमिळ काही आलं नव्हतं, पण एवढ्यासाठी तमिळ यावं लागत नव्हतं. तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली आणि मांडीवरची पिशवी खुळखुळली. कंडक्टरने पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

हेमलताबाईंनी गाठीवर तळहात दाबून धरला.

"सुटे नाहीत," त्या म्हणाल्या.