पाहुण्याचा हात

अलेक्झांड्रियाच्या बंदराशेजारच्या खानावळीत चोरट्या सिगारेटींचा सौदा ठरला, तरी हज्जा इन्साफ डोळ्यांत तेल घालून लिबियाच्या मिफ्ताहचे हात बघत होत्या. अशाच एका जेवणात त्यांचा नवरा गोळीनं गेला होता, आणि आज मिफ्ताहला खेटून त्यांचा लेक रिज्क बसला होता.

"मासा घे की रे, विष नाही कालवलंय."

"आधी तुम्ही घ्या, हज्जा."

जेवणं उरकली, बिल आलं, आणि मिफ्ताहचा हात झटकन कोटात गेला. हज्जांनी टेबलाखालूनच गोळी झाडली.

रिज्कनं मेलेल्याची मूठ उघडली. "अगं आई, पिस्तूल कुठलं, हे तर पाकीट! बिल द्यायला निघाला होता बिचारा."


"माझ्या गावात, माझ्यासमोर पाहुणा बिल देणार?" हज्जा कडाडल्या. "मग मेला तेच बरं झालं!"