बापाची बोटं

मैथिलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. "तिची खुणांची भाषा शिकायचीय मला," असं तिचा बाप रघुवीर नेहमी म्हणे; लेकीशी बोले मात्र बायकोमार्फतच.

एकदा ती शाळेतून रडत आली, तेव्हा आई घरी नव्हती. ती हातांनी सांगत राहिली आणि त्याला काहीच कळेना. शेवटी त्याचेच डोळे भरले. ते पुसून ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी आपलं दुकान बंद करून तो तिच्या शाळेत पालकांसाठी चालणाऱ्या खुणांच्या भाषेच्या वर्गाला जाऊ लागला.

"गिऱ्हाईक तुटेल," बायको म्हणाली.

"तुटू दे."

काही महिन्यांनी एका संध्याकाळी त्यानं अवघडलेल्या बोटांनी लेकीला विचारलं, "आज शाळेत काय केलंस?"

ती बघतच राहिली. मग तिचे हात भराभर बोलू लागले.

"हळू," त्यानं खूण केली. "मला सगळं ऐकायचंय."