गैरहजराच्या नावावर

“मालकाने हो म्हटलं की लगेच सुरू करतो,” संगणकप्रमुख म्हणाला. “पण मालक कोण, ते सांगा.”

दवाखान्याच्या समितीच्या बैठकीतले सगळे टेबलाकडे बघू लागले.

कुठल्या रुग्णाला कुठलं औषध सोसत नाही, हे दवाखान्यातल्या साऱ्या विभागांच्या संगणकांना एकाच सेवेकडून कळायचं. ती सकाळी बंद पडली होती. मागे कुणीतरी ती परस्पर सुरू केली आणि भलतीच माहिती गेली. तेव्हापासून समितीचाच नियम होता: ज्या विभागाची सेवा, त्याच्या संमतीशिवाय तिला हात लावायचा नाही. हिला मात्र विभागच नव्हता. विहिरीवर पाणी भरायला सारं गाव, गाळ काढायला कोणी नाही!

“आम्ही त्यातलं नुसतं वाचतो,” प्रयोगशाळाप्रमुख म्हणाले.

“आम्ही नुसतं भरतो,” मेट्रन म्हणाल्या. “आणि खाली गोळ्या वाटायची वेळ झालीय, एवढं ध्यानात घ्या.”

अध्यक्षबाईंनी सुस्कारा सोडला. समितीची एक जुनी रीत होती. जो गैरहजर, काम त्याच्या गळ्यात. आज औषधविभागाचे प्रमुख आले नव्हते.

“लिहा त्याचंच नाव,” प्रयोगशाळाप्रमुख खुलले. “पळपुटा लेकाचा! अडचणीची बैठक आली की याच्या पोटात दुखतं.”

नाव लिहिलं गेलं. संमती तेवढी हवी होती. बाईंनी औषधविभागाच्या प्रमुखांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मधोमध ठेवला.

“एक मिनिट हं, बाई.” आवाजाला धाप लागली होती. मग तो दुसऱ्याच कुणाशी बोलू लागला. “आजी, कुठल्या औषधाने अंगावर गांध्या उठतात का हो तुमच्या?”

“एका इंजेक्शनने उठल्या होत्या रे बाबा. नाव मेलं आठवत नाही.”

“मग ही गोळी राहू दे. तुमच्या लेकीला विचारतो. घाबरू नका, मी आहे. काका, आता तुमची पाळी. आज मशीन आजारी आहे, म्हणून मीच फिरतोय विचारत.”

प्रयोगशाळाप्रमुखांनी नाव लिहिलेला कागद पुढे ओढला.

“त्याचं नाव खोडा,” प्रयोगशाळाप्रमुख हळूच म्हणाले. “माझं लिहा. उद्या काही चुकलं तर मला धरा. सुरू करा ते.”

संगणकप्रमुख धावलाच.

“हां, बोला बाई,” फोनमधून आवाज आला. “बैठकीला यायचं राहूनच गेलं बघा. काही महत्त्वाचं होतं का?”