पिकू दे

ह्यांनी कप उचलायला हात पुढे केला आणि चहा सगळा मांडीवर सांडला. उजवा डोळा दिवाळीतच गेला होता. आता डावाही दगा देत होता.

डॉक्टर सुचवणाऱ्यांना काही तोटा नव्हता. नणंद म्हणे, “आमचे डॉक्टर म्हणजे देवमाणूस. हाताला गुण आहे.” समोरच्या ठोसरकाकू म्हणत, “आमच्या डॉक्टरांकडेच जा, आठवड्यात मी पोथी वाचायला लागले.” सगळ्यांचे मोतीबिंदू निघालेले, सगळ्यांना लख्ख दिसतंय. आणि सगळ्यांचं सांगणं एकच, “घाई नको. आधी पिकू दे.” आम्ही मेले शहाणे, पिकायची वाट बघत बसलो!

लोक नावं ठेवत होते ती एकाच डॉक्टरला. दूधवाल्याची आई तर चिडून म्हणाली, “माणूस आहे का तो! धीर द्यायचं सोडून तोंडावर सांगतो, गेलेली नजर येणार नाही.”

मी तडक ह्यांना रिक्षात घातलं. खोटं न बोलणारा डॉक्टरच तर मला हवा होता.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा तपासले. मग ह्यांना बाहेर बाकावर बसवलं.

“पिकायला हा मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू आहे. फार उशीर झाला, बाई. आता नजर परत येणार नाही.” ते खुर्चीतून उठले. “त्यांनाही मीच सांगतो.”

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

“पाया पडते, डॉक्टर. ह्यांना सांगा ना, अजून पिकला नाही म्हणून.”