मानवीची खिचडी

पंचवटीतल्या आमच्या गल्लीच्या अंगणवाडीला महिनाभर कुलूप, पोरांची दुपारची खिचडी बंद. शेवटी फुलं विकणाऱ्या सरुबाईंनी आम्हा आयांना गोळा केलं आणि मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नेली. काल कुलूप उघडलं. खिचडी वाटायला आलेला नवा दादा मात्र पातेल्यावरचं झाकण दाबूनच बसला.

"वरून सांगितलंय, मानवी हक्काप्रमाणे जेवण द्या. तर यातली मानवी कोण? तिचंच ताट भरणार."

"ही काय!" सरुबाईंनी नात निकिताला पुढे ढकललं.

"दादा, आमची पण मानवीच हो," शेजारची मंजुषा लेकीला घेऊन घुसली.

मग काय, गल्लीभर मानवीच मानवी निघाल्या.



माझ्या ओढणीआड लपलेला माझा मुलगा हर्षलसुद्धा पोट भरेपर्यंत मानवी होता.