शिंपल्यांचा चुना

खुर्शीदभाऊंनी आपली लुना तलावाच्या पाळीवर उभी केली आणि दोन रिकामी पोती घेऊन ते तुडुमाशी उतरले. पाणी सोडायच्या त्या दगडी तोंडावर पाच-सहा वर्षांपासून परक्या, बारक्या काळ्या शिंपल्यांचा थर चढायचा. तोच खरडून नेऊन ते सिंदेवाहीच्या भट्टीत चुना भाजायचे. आज दगड उघडे पडले होते.

"या साली नाई, भाऊ," गुणाबाई जाळं झटकत म्हणाली. "उन्हाळ्यात पानी तापलं, सडले सारे. महिनाभर वास होता."

"सारेच?"

"सारेच. बरं झालं. पाय कापून राह्यले होते आमचे."

खुर्शीदभाऊंनी उघड्या दगडावरून हात फिरवला. बारक्यांचा चुना करडा निघे, पण निघे तरी. तळहाताएवढे जुने शिंपले या बारक्यांनीच संपवले होते. त्यांचा चुना दुधासारखा असे. अब्बांसोबत ते इथे येत, तेव्हा दहा-बारा धीवर बाया कमरेइतक्या पाण्यात रांगेनं सरकत, बोलता बोलता पायांनी गाळ चाचपत. एखादीचा पाय थांबे, ती वाके आणि काठावर शिंपला येऊन पडे. गुणाबाई तेव्हा परकरात होती. तिचा पाय सगळ्यांच्या आधी थांबायचा.

"जुना एखादा असन का खाली?" त्यांनी विचारलं. "एक भेटला तरी पोराले, रईसले सांगतो, भट्टी मोडू नको म्हनून."

गुणाबाईनं चपला काठावर काढल्या. किती वर्षांनी ती अनवाणी पाण्यात शिरत होती. मायच्या गोष्टी सांगत ती हळूहळू सरकू लागली, कमरेइतक्या पाण्यात गेली आणि एका शब्दावरच थांबली. तिचा उजवा खांदा किंचित कलला. खुर्शीदभाऊंनी पोत्याचं तोंड उघडलं.

ती वाकली नाही. झोपलेलं लेकरू ओलांडावं तसा तिनं पाय उचलला आणि एक पाऊल बाजूला टाकलं.

"काही नाई, भाऊ," ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली. "नुसता गाळ आहे."

तिनं ओलांडलेल्या जागेकडे खुर्शीदभाऊंनी एकदा पाहिलं. मग त्यांनी दोन्ही पोत्यांची नीट घडी घातली.

"ये मग बाहेर," ते म्हणाले. "तिकून ये, कडेकडेनं. तिथला गाळ तुडवू नको."