काळ्या यादीतला पत्ता

रुग्णालयाच्या संगणकाने मेलने पाठवलेला रक्ताचा रिपोर्ट तिसऱ्यांदा नाकारला, तेव्हा वैजयंती फडतरेंनी आपल्या लॅबचा इंटरनेट पत्ता तपासला. तो पहाटेपासून काळ्या यादीत होता. पूर्वी तोच पत्ता वापरणाऱ्या कुणीतरी फसव्या मेल पाठवल्या होत्या. तो यादीतून काढायला तीन दिवस लागणार होते आणि दुसऱ्या पत्त्यावरून रिपोर्ट पाठवायला मनाई होती.

रिपोर्टनुसार रुग्ण बाईंच्या रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं वाढलं होतं. वैजयंती छापलेला रिपोर्ट घेऊन स्कूटरने रुग्णालयात पोचल्या. डॉक्टर घोलपांनी तो वाचला आणि औषधांच्या स्वयंचलित कपाटाच्या कॅमेऱ्यासमोर धरला. कपाट उघडलं नाही.

"हे फक्त मेलने आलेला रिपोर्ट मानतं," ते म्हणाले. "माझंही ऐकत नाही."

"मग फोडा ते."

दोन वॉर्डबॉय लोखंडी सळईने दार उचकटू लागले. पोलादी दार वाकून इंजेक्शन हाती येईपर्यंत बाईंचं हृदय थांबलं होतं.

बाहेर बाकावर त्यांचे यजमान बसले होते. लॅबचा कोट पाहून ते उठले.

"मॅडम, रिपोर्ट आला का हो?"

"सकाळीच तयार होता," वैजयंती म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.